आइनस्टाइन, सीगल आणि नागावची पडवी

बारावीत फिजिक्सशी ब्रेकअप झालं, ते कायमचंच असं मी धरून चालले होते. मग एका रात्री लेकीनं एक प्रश्न विचारला आणि पॅचअपसाठी थेट नागाव गाठावं लागलं!

"आई, लाइटबरोबर तेवढ्याच स्पीडनं धावलं तर काय दिसेल गं?"

महिनाअखेरची रात्र. मांडीवर लॅपटॉप, एक्सेल शीटमध्ये एक आकडा जुळत नव्हता, आणि नऊ वर्षांची लेक शेजारी लोळत हे विचारत होती. मी मान वर न करता म्हटलं, "गूगल कर ना बाळा."

ती दोन मिनिटं गप्प बसली. मग अगदी सहज म्हणाली, "तुला फिजिक्स येत नाही ना? मग मलापण नाही येणार."

मंडळी, एक्सेलचा आकडा अर्ध्या तासात जुळला. पण हे वाक्य फणसाच्या चिकासारखं चिकटून बसलं. कारण ते माझंच वाक्य होतं. बारावीला फिजिक्समध्ये काठावर पास झाले, तेव्हा क्लासमधल्या एका सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तू कॉमर्सला जा, सुखी राहशील." गेले. सुखीही झाले. बरी नोकरी, फ्लॅटचा इएमआय, महिन्यातून दोनदा वापरलं जाणारं जिमचं कार्ड, सगळं आहे. पण 'हे आपल्यासाठी नाही' ही पाटी तेव्हापासून लटकली ती लटकलीच. आता ती वारसाहक्कानं पुढे चालली होती!

दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये मामाला फोन लावला. मामा नागावला असतो. आयुष्यभर शाळेत सायन्स शिकवलं, आता नारळ-सुपारीची वाडी बघतो. मी विचारलं, "मामा, आइनस्टाइनची रिलेटिव्हिटी माझ्यासारखीला एका वीकेंडमध्ये समजेल?"

"समजेल की," मामा म्हणाला. "अटी दोनच. मोबाइल लांब ठेवायचा आणि 'डोक्यावरून गेलं' म्हणायचं नाही. नेमकं कुठे अडलं, ते सांगायचं. आणि येताना बोटीनं या. बोटीत सीगलकडे बघत बसा. तो तुमचा होमवर्क."

सीगल हलतच नाहीये!

जानेवारीतला शनिवार. गेटवेहून मांडव्याला जाणारी सकाळची बोट. थंडीत या बोटींच्या मागे सीगलचे थवे लागतात आणि पब्लिक त्यांना चिप्स भरवत असतं. आम्ही कठड्याला टेकून उभ्या. एक पक्षी अगदी हाताच्या अंतरावर, बोटीच्या बरोबरीनं उडत होता.

"आई, हा हलतच नाहीये! नुसते पंख हलवतोय. गेटवे मागे चाललंय."

आता सांगा, कोण हलतंय? गेटवेवरच्या फोटोग्राफरला विचाराल तर बोट आणि सीगल दोघंही सुसाट. आमच्या दृष्टीनं सीगल जागच्या जागी आणि अख्खी मुंबई मागे सरकतेय. खोटं कुणीच बोलत नाही. 'हलणं' याला अर्थ येतो तो 'कुणाच्या संदर्भात?' हे सांगितल्यावरच.

ही आयडिया आइनस्टाइनची नाहीच मुळी! गॅलिलिओनं १६३२ च्या आपल्या पुस्तकात हेच लिहून ठेवलंय. जहाजाच्या बंद केबिनमध्ये बसा, फुलपाखरं सोडा, बाटलीतून पाणी ठिबकू द्या. जहाज एकाच वेगानं, हेलकावे न खाता सरळ चालत असेल, तर ते चाललंय की उभं आहे हे आतल्या कुठल्याही प्रयोगानं कळणार नाही.

हा झाला नियम नंबर एक. उभं असणं आणि एकसारख्या वेगानं सरळ जाणं, निसर्गाला दोन्ही सारखंच.

'अलिबागवरून आलायस का?' या मुंबईच्या खवचट प्रश्नावर बंदी घाला म्हणून २०१९ मध्ये प्रकरण थेट हायकोर्टात गेलं होतं आणि कोर्टानं ती याचिका फेटाळली होती. मामाचं त्यावरचं उत्तर वेगळंच आहे. "अलिबागवाल्यांच्या दृष्टीनं मुंबईच लांब आहे. ज्याची त्याची चौकट!"

तोही आपल्यासारखाच ऑफिसवाला

मांडव्याहून बसनं अलिबाग, तिथून रिक्षानं नागाव. पडवीत पोचलो, चहा झाला, घावणे झाले आणि मामानं फळा काढला. खराखुरा काळा फळा!

"१९०५ साली आइनस्टाइन २६ वर्षांचा होता," मामानं सुरुवात केली. "प्रोफेसर नव्हता. बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरी. हुद्दा, तृतीय श्रेणीचा तांत्रिक तज्ज्ञ. आठवड्याचे सहा दिवस ऑफिस. घरी बायको आणि लहान मूल."

त्याच वर्षी या ऑफिसवाल्यानं रिलेटिव्हिटीचा पेपर लिहिला आणि पाठोपाठ ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअरसुद्धा. पुढच्या वर्षी ऑफिसनं त्याला बढती दिली. द्वितीय श्रेणी! अप्रेझलमध्ये 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' मिळालेल्या तमाम जनतेनं हे वाक्य प्रिंट काढून डेस्कवर लावावं.

"आणि तुझ्या लेकीचा प्रश्न आहे ना, प्रकाशाबरोबर धावलं तर काय दिसेल, तो त्याला सोळाव्या वर्षी पडला होता."

लेकीनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी खाली चहाच्या कपात बघायला लागले.

प्रश्नाची मेख अशी. समुद्राच्या लाटेबरोबर त्याच वेगानं पोहणाऱ्याला ती लाट थिजल्यासारखी दिसेल. मग प्रकाशाबरोबर धावणाऱ्याला प्रकाशाची लाटही थिजलेली दिसायला हवी. पण मॅक्सवेलनं १८६० च्या दशकात विजेची आणि चुंबकत्वाची जी समीकरणं मांडली, त्यात थिजलेल्या प्रकाशाला जागाच नाही. प्रकाश म्हटला की तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाणारच.

आइनस्टाइननं सरळ उत्तर दिलं. प्रकाशाला कुणीच गाठू शकत नाही. तुम्ही कितीही जोरात धावा, तो तुमच्यापासून त्याच ३ लाखाच्या वेगानं पुढे जाताना दिसणार. हा नियम नंबर दोन. प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच.

"बस्स? दोनच नियम?" मी म्हटलं.

"दोनच. पण ते एकत्र नांदवायला गेलीस की घड्याळांची भांडणं सुरू होतात. चल, वाडीत."

एक सुपारी आणि पायथागोरस

वाडीत मामानं लेकीच्या हातात सुपारी दिली. "चालता चालता सरळ वर फेक आणि झेल." तिनं फेकली. तिच्या दृष्टीनं सुपारी सरळ वर गेली, सरळ खाली आली. बाजूला उभ्या असलेल्या मला मात्र ती तिरकी, कमानीसारखी जाताना दिसली. म्हणजे मला दिसलेली वाट जास्त लांब.

"जास्त लांब वाट, मग वेळ जास्त लागला का?" मामानं विचारलं.

"नाही, सेमच," लेक म्हणाली. बरोबर. कारण माझ्या दृष्टीनं सुपारीचा वेगही जास्त होता. तिच्या चालण्याचा वेग त्यात मिसळला होता. लांब वाट, जास्त वेग, हिशोब मिटला.

आता सुपारीच्या जागी प्रकाश आणा. बोटीच्या तळातून छताकडे प्रकाशाचा एक किरण सोडला. बोटीतल्या माणसाला तो सरळ वर जाताना दिसतो, किनाऱ्यावरच्याला तिरका. तिरकी वाट लांब असणारच. पण या वेळी वेग वाढायची सोय नाही! नियम नंबर दोन आडवा आला. वाट लांब, वेग तोच. मग उरतं काय? वेळ. किनाऱ्यावरच्या घड्याळात जास्त वेळ जायलाच हवा.

इथे मी अडले आणि ठरल्याप्रमाणे तसं सांगितलं. मामानं फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला. उभी बाजू ४, आडवी ३. कर्ण किती?

"५!" इतक्या वर्षांनी पायथागोरस कामाला आला!

उभी बाजू ४ म्हणजे बोटीतल्या माणसाला दिसलेली प्रकाशाची वाट. उंचीबद्दल दोघांचं दुमत नाही. तेवढ्यात बोट ३ पुढे गेली, म्हणून किनाऱ्यावरच्याला वाट दिसली ५. प्रकाशाचा वेग दोघांना सारखा. म्हणजे बोटीत ४ सेकंद गेले तर किनाऱ्यावर ५. बोटीनं ५ सेकंदांत ३ अंतर कापलं, म्हणजे तिचा वेग प्रकाशाच्या ६० टक्के. एवढ्या वेगानं प्रवास करून कुणी परत आलं आणि इथे ५ वर्षं उलटली असतील, तर ते माणूस ४ वर्षांनीच मोठं झालेलं असेल.

मी फळ्याकडे बघतच राहिले. कुठेही इंटिग्रल नव्हतं, ग्रीक अक्षर नव्हतं. एक त्रिकोण होता, शाळेतला.

मग सकाळच्या प्रवासात आम्ही किती वाचवलं? बोट ताशी ३६ किलोमीटर धरली, तर तासाभरात सेकंदाचे एक लाख कोटी भाग केल्यावर त्यातले जेमतेम दोन! म्हणूनच रोजच्या जगण्यात हे कुणाच्या लक्षात येत नाही.

"चीटिंग आहे ही!"

लेक मात्र गप्प होती. मग एकदम म्हणाली, "आजोबा, पण बोटीतल्याला तर किनारा मागे जाताना दिसतो ना? मग त्याच्या दृष्टीनं किनाऱ्याचं घड्याळ स्लो. दोघंही म्हणणार तुझंच स्लो. चीटिंग आहे ही!"

मामानं खडू खाली ठेवला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. "हा प्रश्न भल्याभल्यांनी विचारलाय."

उत्तर असं. एकसारख्या वेगानं एकमेकांपासून लांब जाताना दोघांचंही खरं आहे. दोघांनाही दुसऱ्याचं घड्याळ मंद चालतंय असंच मोजमाप मिळेल, आणि कोण बरोबर हे ठरवता येत नाही. पण घड्याळं शेजारी ठेवून ताडून बघायची तर कुणाला तरी वळून परत यायला हवं. बोट वळली की कपातला चहा हिंदकळतो, किनाऱ्यावरचा कप शांतच असतो. म्हणजे वळलं कोण, हे दोघांनाही कळतं. तिथे बरोबरी संपते. जो वळून परत आला, त्याचं घड्याळ मागे पडलेलं असतं.

पुरावा? तळहात उघडा

दुपारी वालाचं बिरडं आणि सोलकढी झाल्यावर मी अकाउंट्सवालीचा प्रश्न टाकला. "त्रिकोण ठीक आहे रे. पण व्हाउचर कुठेय?"

"हात पुढे कर," मामा म्हणाला. "साधारण सेकंदाला एक म्युऑन तुझ्या तळहातातून आरपार जातोय."

म्युऑन म्हणजे अवकाशातून येणारे कण हवेवर आदळले की वर, सुमारे १५ किलोमीटर उंचीवर तयार होणारे अतिसूक्ष्म कण. त्यांचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्या २.२ पट. एवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानं पळाले तरी साडेसहाशे मीटरच्या आसपास संपायला हवेत. तरी त्यातले भरपूर नागावच्या किनाऱ्यापर्यंत पोचतात. कारण ते प्रकाशाच्या इतक्या जवळच्या वेगानं येतात की आपल्या दृष्टीनं त्यांचं घड्याळ प्रचंड मंद चालतं. त्यांच्या बाजूनं विचाराल तर त्यांचं आयुष्य नेहमीएवढंच, पण त्यांना हवेचा थरच पातळ झालेला दिसतो. हिशोब दोन्हीकडून जुळतो!

आणि यात आपल्या मुंबईचा माणूस आहे. होमी भाभा. १९३८ मध्ये केंब्रिजला असताना त्यांनी लिहिलं होतं की अशा अल्पायुषी कणांवरून आइनस्टाइनच्या सिद्धांताची सरळ परीक्षा घेता येईल. १९४१ मध्ये अमेरिकेत रॉसी आणि हॉल यांनी मोजमाप प्रसिद्ध केलं. आइनस्टाइन पास.

दुसरं व्हाउचर तुमच्या खिशात आहे. तुम्हाला नागावच्या होमस्टेपर्यंत आणून सोडणारा मोबाइलचा नकाशा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. पण आइनस्टाइनचा १९१५ चा दुसरा, मोठा सिद्धांत सांगतो की गुरुत्वाकर्षण जिथे कमी, तिथे घड्याळ जलद. त्यामुळे ती ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. बेरीज-वजाबाकी करून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे. ही दुरुस्ती केलीच नाही तर एका दिवसात ११ किलोमीटरच्या आसपास चूक साठते. नागावला निघालेले तुम्ही रेवदंड्याच्या पुलावर उभे असाल!

भन्नाट भाग पुढेच आहे. १९७७ मध्ये या तंत्राच्या चाचणीसाठी एक उपग्रह सोडला, तेव्हा काही जणांना ही दुरुस्ती खरंच लागेल का अशी शंका होती. म्हणून ती आधी बंद ठेवली. सुमारे २० दिवस मोजलं. घड्याळ सिद्धांतानं सांगितलं होतं जवळपास तेवढंच पुढे पळत होतं. मग निमूटपणे बटण चालू केलं.

माडाच्या शेंड्यावर वेळ पळतो

गुरुत्वाकर्षणाचा हा फंडा मामानं माडाखाली उभं राहून सांगितला. माड साधारण १२ मीटर उंच. शेंड्यावर ठेवलेलं घड्याळ बुंध्यापाशी ठेवलेल्या घड्याळापेक्षा वर्षाला सेकंदाच्या ४० अब्जांश भागाएवढं पुढे जाईल. थट्टा नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी फक्त ३३ सेंटिमीटर उंचीच्या फरकानं घड्याळाची गती बदलते, हे मोजून दाखवलंय.

माडाऐवजी कृष्णविवर घेतलं तर हा फरक अफाट होतो. इथे मामानं कपाटातून जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' काढलं. हाताळून हाताळून पानं मऊ झालेली. नारळीकरांच्या घरात सापेक्षता दोन पिढ्यांची. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवायचे आणि याच विषयावर संशोधन करायचे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंतरावांनी 'कृष्णविवर' नावाची कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी! बक्षीस मिळालं ते कथेला, नावाला नाही. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा मामानं त्या दिवशी वाडीला पाणी लावलं नाही, एवढंच मामी म्हणाली.

आणि हा विषय आजही आपल्या राज्यात जिवंत आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो इंडिया' ही वेधशाळा उभारायला एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर. लांब कुठेतरी कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशातच जी थरथर उठते, ती पकडायला. अशी थरथर पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत पकडली गेली.

पोपटी आणि गैरसमज

रात्री पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. मडकं उलटं, भोवती जाळ. शेकोटीशी बसून मी ज्ञान पाजळलं. "म्हणजे मामा, ऑफिसच्या मीटिंगमध्ये तास सरत नाही आणि इथे दिवस कधी संपला कळलं नाही, ही रिलेटिव्हिटी!"

"अजिबात नाही. तो तुझा कंटाळा. मीटिंगमधलं घड्याळ बरोबरच चालतं."

मामीनं रेवतीची गोष्ट काढली. ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकात गेला, गाणं संपेपर्यंत थांबला आणि परत आला तर पृथ्वीवर युगं उलटून गेलेली. मग रेवतीचं लग्न बलरामाशी झालं. "म्हणजे आपल्याकडे माहीत होतं की!" मी म्हटलं.

"गोष्ट सुंदर आहे," मामा म्हणाला. "पण त्यात ३-४-५ नाही. मोजून बघता येईल आणि चुकलं तर पकडता येईल, असा आकडा ज्यात असतो ते सायन्स. आणि 'सगळं रिलेटिव्ह असतं' असंही म्हणू नकोस. प्रकाशाचा वेग रिलेटिव्ह नाही. आधी ठिणगी, मग जाळ हा क्रमही कुणाच्याच दृष्टीनं उलटा होत नाही."

मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं. पोपटी तयार होती.

परतीची बोट

रविवारी संध्याकाळी परत बोटीत. लेक तिकिटाच्या मागे पेननं त्रिकोण काढत होती. शेजारच्या काकूंनी कौतुकानं विचारलं, "काय गं, शाळेचं का?"

"नाही. प्रकाशाला पकडता येत नाही ना, ते आहे. सांगू?"

काकू म्हणाल्या, "नको गं बाई, मला फिजिक्स येत नाही."

लेकीनं माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे. "आईलापण येत नव्हतं. तुम्ही आधी त्या सीगलकडे बघा."

मी मोबाइल बॅगेत टाकला आणि त्यांच्याबरोबर बघायला लागले.

तुम्हालाही ट्राय करायचंय?

• सुरुवात त्रिकोणापासून करा. ३-४-५ स्वतः कागदावर काढा. नुसतं वाचून समजल्यासारखं वाटतं, काढल्यावर समजतं.

• आधी १९०५ चा सिद्धांत, म्हणजे वेग आणि वेळ. गुरुत्वाकर्षणाचा १९१५ चा नंतर. दोन्ही एकदम घेतलेत तर हमखास गोंधळ.

• 'डोक्यावरून गेलं' याऐवजी 'या वाक्याला अडले' असं म्हणायची सवय लावा. ऑफिसातही उपयोगी पडते.

• मराठीतून वाचायचं तर जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' हाताशी ठेवा.

• नागावला जायचं तर गेटवे ते मांडवा बोट, पुढे अलिबागमार्गे. गाडी न्यायची असेल तर २०२० मध्ये सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो आहे. सीगल आणि पोपटी, दोन्ही हवं असेल तर थंडीतच जा.